काचेच्या आडनावाची माणसं

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात ताईंना ताई सोडून दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे, आणि त्याला कारण होतं. त्यांचं आडनाव म्हणजे त्या शहरातलं सगळ्यांत बोकाळलेलं आडनाव. नुसत्या कार्यालयातच पाच जण त्या आडनावाचे. फोनवरून कोणी आडनाव घेऊन विचारलं की पाचही माना वर व्हायच्या. मग कोणी ताई झालं, कोणी उंच्या झाला, कोणी दाढीवाले. ताईंना वाटायचं, देवानं जरा निराळं आडनाव दिलं असतं तर काय बिघडलं असतं? लग्न केलं असतं तर बदललं असतं, पण तेही राहून गेलं. म्हाताऱ्या वडिलांसोबत तळमजल्यावर त्या, वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ, भावजय आणि दोन पुतण्या, असा त्यांचा संसार.

त्या वर्षी थंडी पडायला लागली आणि वरून एक हुकूम आला. दर दहा वर्षांनी माणसं मोजायची, त्या गणतीचे जुने गोषवारे रेकॉर्ड रूममध्ये पडून होते. गोषवाऱ्यात माणसांची नावं नसायची. आडनाव आणि त्यापुढे त्या आडनावाची माणसं किती, एवढंच. अशा मागच्या आठ गणत्यांचा एक तक्ता करून पाठवायचा होता. कोणतं आडनाव वाढलं, कोणतं घटलं, कोणतं साफ बुडालं. हुकमावर कारण लिहिलं नव्हतं. साहेबांना कारणाशी देणंघेणंही नव्हतं. दिसेल त्या कागदावर शिक्का मारायच्या हौसेपायी त्यांना सगळे शिक्केसाहेब म्हणत. त्यांनी हुकमावर ‘पोहोचला’चा शिक्का मारला आणि तो ताईंच्या टेबलावर सरकवला.

“जुनं अक्षर तुमच्याशिवाय कोणाला लागतंय?” ते म्हणाले.

पहिले आठ दिवस मजेत गेले. ताई आकडे वाचायच्या आणि शेजारची कॉम्प्युटरवाली पोरगी ते टाइप करायची. बातमी फुटायला वेळ लागला नाही. जो तो दारातून डोकावून विचारायचा, “आमचे किती हो, ताई?” दाढीवाल्यांचं आजोळचं आडनाव तिसऱ्या गणतीनंतर पार बुडालं होतं, तर ते दिवसभर सुतक आल्यासारखं तोंड करून हिंडले. कॉम्प्युटरवाली म्हणाली, “ताई, तुमचे तर नुसते उतू चाललेत!”

ताई हसल्या. मग त्यांनी पेन्सिलीनं आपल्याच आडनावाची ओळ तपासली आणि पेन्सिल मध्येच थांबली.

दर गणतीला तीस-चाळीस माणसं वाढत होती. एका गणतीत मात्र अकराशे चाळीसाची एकदम चौदाशे ऐंशी झाली होती. दहा वर्षांत तीनशे चाळीस. एवढी पोरं एका आडनावात कशी जन्मतील? त्यांनी त्या गणतीत घटलेली आडनावं शोधली. सगळ्यांचं एक-दोन कमी, एक-दोन जास्त. फक्त एक ओळ दरीत कोसळल्यासारखी खाली गेली होती. ते काचेचं आडनाव होतं.

खरं आडनाव लांबलचक होतं, उच्चारताना जीभ दोनदा अडखळेल असं. त्यात काच हा शब्द होता म्हणून सगळे त्याला काचेचं आडनाव म्हणत. नदीपलीकडे कधीकाळी त्या लोकांच्या भट्ट्या होत्या. पासष्ट वर्षांपूर्वीच्या गणतीत ते तीनशे अठ्ठ्याऐंशी होते. पुढच्या गणतीत एकेचाळीस. मग एकोणतीस, अठरा, अकरा, आठ. ताज्या गणतीत सहा.

ताईंनी त्या दहा वर्षांची मृत्यूची रजिस्टरं काढली. काचेच्या आडनावाचे मृत्यू होते अवघे सात. गाव सोडून गेलेल्यांच्या वहीत चाळीस. म्हणजे उरलेली तीनशे माणसं ना मेली होती, ना कुठे गेली होती. जन्माच्या रजिस्टरांत तर आणखीच नवल. त्या आधीच्या तीस वर्षांत काचेच्या आडनावाची पोरं जवळजवळ जन्मलीच नव्हती. मग ते तीनशे अठ्ठ्याऐंशी आले कुठून?

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. जन्माच्या प्रत्येक जुन्या रजिस्टरात मधूनच तीन-चार पानं एका हाताची होती. नाजूक, तिरकं अक्षर, ‘र’चा पाय शेपटीसारखा वळवलेला. ताईंना ते अक्षर फार आवडायचं. नोकरीला लागल्यावर त्यांनी ते गिरवूनसुद्धा पाहिलं होतं. पण एकच कारकून तीस वर्षं त्याच शाईनं लिहील, आणि त्याचं अक्षर तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत तिळमात्र बदलणार नाही, हे कसं शक्य आहे? त्या पानांवर सगळ्यांत जास्त नोंदी ताईंच्या आडनावाच्या होत्या. ताईंनी रजिस्टर मिटलं.

तक्ता वर गेल्यावर चौथ्या दिवशी दोन माणसं आली. एकाच्या गळ्यात मफलर, दुसऱ्याच्या बगलेत फाइल. शिक्केसाहेबांनी आपली खुर्ची मफलरवाल्याला दिली आणि स्वतः कपाटाला टेकून उभे राहिले. ताईंना आत बोलावलं.

मफलरवाला फार गोड बोलणारा होता. “बाई, काम सुरेख केलंत. आम्हाला यातली एकच ओळ हवी होती.” त्यानं तक्त्यावर बोट ठेवलं. बोट कुठे आहे हे ताईंना न बघताच कळलं. “सहाच? बाकीचे गेले कुठे?”

“काही वारले असतील. काही परगावी गेले असतील,” ताई म्हणाल्या.

“वारले असते तर तुमच्याकडे नोंद असती ना, बाई?”

फाइलवाला लिहून घेत होता. आपल्या गप्प बसण्याचंही तो काहीतरी लिहितोय, असं त्यांना वाटलं.

“माणसं अशी हवेत विरत नाहीत,” मफलरवाला म्हणाला. “कोणत्या तरी आडनावात शिरली असणार. ती कोण, आता कुठे राहतात, त्यांची पोरंबाळं कोण, याची यादी हवीय. जुनी रजिस्टरं तुम्हालाच लागतात असं साहेब म्हणाले. महिनाअखेर पुरे ना?” मग उठता उठता त्यानं विचारलं, “तुमचं आडनाव काय?”

ताईंनी सांगितलं.

तो मोकळेपणानं हसला. “अरे वा! म्हणजे तुम्ही सगळ्यांत मोठ्या घराण्यातल्या!”

ती दोघं गेल्यावरही ताई तिथंच उभ्या होत्या. कॉम्प्युटरवालीनं पाण्याचा ग्लास आणून दिला.

संध्याकाळी घरी गेल्या तेव्हा बाबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसले होते. वय एकोणऐंशी, पण साल अशी काढायचे की पलीकडचं दिसावं. आयुष्यभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. ताईंनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“बाबा, काचेच्या आडनावाची माणसं कुठे गेली?”

बाबांची सुरी थांबली. त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे. “कोणी विचारलं?”

“दोन माणसं आली होती. वरून.”

“तू काय सांगितलंस?”

“मला काही माहीत असेल तर सांगणार ना! बाबा, आपण कोण?”

बाबांनी उठून खिडकी लावली. परत बसले. मग बोलले ते इतकं हळू की ताईंना पुढे वाकावं लागलं.

“मी सतरा वर्षांचा होतो. बाजाराच्या भिंतीवर यादी लागली. आमच्या आडनावाची सगळी घरं, गल्लीसकट.”

“कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? आम्ही म्हणे पिठात काचेचा चुरा मिसळतो. कुणाच्या तरी पोराच्या पोटात दुखलं होतं. कारण विचारायला उसंत होती कोणाला? दुसऱ्या दिवशी भट्ट्या फोडल्या. थोरला भाऊ भट्टीवर होता. त्याला गाडीत घालून नेला. मग आईनं त्याची वाट बघितली ती मरेपर्यंत.”

ताईंना काका होता हेच आज कळत होतं. त्या खुर्चीचा काठ धरून बसल्या.

“तुझ्या त्या कार्यालयात एक कारकून होता,” बाबा पुढे म्हणाले. “आमच्यातला नव्हता. आमचे वडील त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, एखाद्या आडनावात चारच माणसं असली तर पाचवा लगेच डोळ्यांवर येतो. जिथे गर्दी आहे तिथे शिरा. त्यानं तीन आठवडे दार लावून पानं उसवली, नव्यानं लिहिली, परत शिवली. तीनशेच्या वर माणसं होती. काही घरं मात्र कबूल झाली नाहीत. म्हणाली, काय व्हायचं ते होऊ दे, आम्ही आडनाव टाकून देणार नाही.”

“आणि तो कारकून?”

“त्याचं नंतर काही कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही. आम्ही काहीच विचारायचं नाही, असं ठरलं होतं.” बाबांनी ताईंकडे पाहिलं. डोळे पाण्यानं भरले होते, पण आवाजात दुसरंच काहीतरी होतं. “त्याचं अक्षर अजून आहे का गं तिथं?”

“आहे,” ताई म्हणाल्या. “सगळीकडे आहे.”

वरच्या मजल्यावर पुतण्या कशावरून तरी भांडत होत्या, धाडधाड पावलं वाजत होती. दोघंही वर छताकडे बघत बसले.

त्या रात्री ताईंना झोप आली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर कामावर हजर होत्या. यादी देणार नाही, हे तर ठरलंच होतं. पण आपण नाही दिली म्हणून काय झालं? जुनं अक्षर वाचणारा दुसरा कोणी आणतील. त्याला एक दुपार पुरेल. आपल्याला दिसलं ते त्याला दिसणार नाही का?

रेकॉर्ड रूमची मागची भिंत ओलीच असायची. रजिस्टरांना बुरशी धरली की ती बाइंडरकडे जायची. नियम असा होता की बुरशीची पानं कापून, पंचनामा करून जाळायची, म्हणजे ती दुसऱ्या पानांना लागत नाही. ताईंनी तीस रजिस्टरं हातगाडीवर घातली आणि स्वतः बाइंडरकडे घेऊन गेल्या. बाइंडर म्हणजे खळीच्या वासात मुरलेला साठीचा माणूस. त्याचंही आडनाव ताईंचंच.

“बुरशी कुठाय यांना?” त्यानं पानं उलटून विचारलं. “चांगली ठणठणीत आहेत की.”

ताईंनी तिरक्या अक्षराचं एक पान उघडून समोर धरलं. “या हाताची पानं,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. हा माणूस उद्या मफलरवाल्याकडे गेला तर? आडनाव एक आहे म्हणून माणूस आपला असतो का? खरं तर ते आडनावही त्यांचं स्वतःचं नव्हतं.

बाइंडरनं पान बराच वेळ न्याहाळलं. मग हात पुसले आणि दुकानाचं दार नुसतं लोटून घेतलं.

“ताई, आमच्या आजोबांनी जन्मात काचेच्या पेल्यातून पाणी प्यायलं नाही,” तो म्हणाला. “पितळेचा गडू घेऊन हिंडायचे. मी लहानपणी विचारलं तर थोबाडीत बसली. परत विचारलं नाही.” त्यानं रजिस्टरं ओढून आपल्याकडे घेतली. “पातळ खळ आणि जरा ऊब. चार दिवसांत अशी बुरशी चढवतो की साहेब नाकाला रुमाल लावतील.”

तसंच झालं. शिक्केसाहेबांनी पंचनामा लांबूनच वाचला. “एकशे सात पानं? सगळी याच तीस वर्षांतली?”

“भिंतीकडचं कपाट आहे, साहेब.”

साहेबांनी मान वर केली. तीस वर्षांत त्यांनी ताईंकडे इतका वेळ कधी बघितलं नसेल. मग साहेबांनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि कागदावर दाबला. एकदाच, आणि नेहमीपेक्षा कितीतरी हळू.

पानं अंगणातल्या पत्र्याच्या डब्यात जळाली. त्यात बाबांच्या जन्माचंही पान होतं. ते ताईंनी स्वतः कापलं होतं.

महिनाअखेरीस मफलरवाला आला. रजिस्टरांतली कापलेल्या पानांची बुडखी त्यानं बोटानं मोजली. पंचनामा वाचला. “बुरशी,” तो म्हणाला. “फार हुशार बुरशी आहे तुमच्याकडे.” पण शिक्का होता, सही होती. “ठीक आहे. सहा तर आहेत ना? त्यांना बोलावू. त्यांना माहीत असेल बाकीचे कुठे गेले ते.”

तोवर ताईंनी त्या सहा जणांचा विचारच केला नव्हता. तीनशेंना झाकायच्या धांदलीत सहा जण उघड्यावर राहिले होते, आणि मतदारयादीत ते सरळ नावापत्त्यासकट होते. त्यांना आधी सावध करावं असं ताईंच्या मनात आलं. पण नोटिसा फाइलवाल्यानंच त्या दुपारी लिहिल्या आणि आपणच नेल्या.

तारखेला चौघंच आली. दोघं पत्ता लागू न देता निघून गेली होती. साहेबांच्या खोलीत एकेकाला बोलावत होते आणि ताईंना जबाब लिहून घ्यायला बसवलं होतं. तीन पुरुष आले. ‘माहीत नाही’, ‘लहान होतो’, ‘आठवत नाही’ असं सांगून घाम पुसत गेले. चौथी चष्म्याच्या दुकानाची मालकीण होती. सत्तरी ओलांडलेली, ताठ, केस घट्ट बांधलेले.

“बसा, आजी,” मफलरवाला म्हणाला. “तुम्ही एवढ्या मोठ्या गोतावळ्यातल्या. बाकीचे कुठे गेले?”

“मी बारा वर्षांची होते. आम्ही नाव टाकलं नाही. त्यांनी टाकलं.” आवाज करवतीसारखा होता. “एका रात्रीत शेजारी अनोळखी झाले. मी हाक मारली तर मैत्रिणीनं तोंड फिरवलं. तीनशे जण राहिले असते, तर आज आम्हाला बोटांवर मोजता आलं असतं का तुम्हाला?”

“अगदी बरोबर. म्हणजे तुम्हाला त्यांचा राग आहे.”

“आहे तर.”

“मग सांगा ना. या शहरातच आहेत. रस्त्यात दिसत असतील. चेहरे तर बदलता येत नाहीत.”

म्हातारीनं मान वळवली आणि ताईंकडे पाहिलं. पाहिलं आणि पाहतच राहिली. कपाळ, डोळे, हनुवटी, एकेक करत ती नजर खाली आली. हिनं कोणाला तरी ओळखलं होतं. त्या गाडीत घालून नेलेल्या काकाला? वाट बघत मेलेल्या आजीला? भाऊ, पुतण्या, बाइंडर, सगळे ताईंच्या डोळ्यांपुढून गेले.

मफलरवाल्यानं ते टिपलं. “ओळखता यांना?”

म्हातारीनं आपला चष्मा काढून पदरानं पुसला.

“चष्म्याला आल्या होत्या एकदा,” म्हातारी म्हणाली. “तेव्हाच सांगितलं होतं नंबर बदला म्हणून. बघा, कशा डोळे बारीक करून लिहितायत. वेंधळ्या आहेत.” मग ती मफलरवाल्याकडे वळली. “आणि तुम्हीही तपासून घ्या. कागद फार जवळ धरता.”

तिनं जबाबावर सही केली. पूर्ण, लांबलचक, एकही अक्षर न गाळता. ताईंकडे पुन्हा न बघता निघून गेली.

मफलरवाला त्यानंतर आला नाही. महिनाभर ताई जिन्यावरचं प्रत्येक पाऊल ऐकत बसल्या. पुढे कळलं की वरची माणसं बदलली आणि तो तक्ता कुठल्याशा कपाटात गेला. जाळला असं कोणी म्हणालं नाही. कपाटात गेला, एवढंच.

ताईंनी बाबांना सगळं सांगितलं होतं. एका रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, कोट घातला आणि म्हणाले, “मला चष्मा बदलायचाय.”

“बाबा, तिथं नको. कोणी बघितलं तर?”

“तू येऊ नकोस हवं तर.”

त्या गेल्या. एकट्याला कशा सोडणार? दुकान अरुंद, तीन बाजूंना फ्रेमा. म्हातारीनं दोघांकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता बाबांना खुर्चीवर बसवलं. भिंग बदलत गेली, तक्त्यावरची अक्षरं विचारत गेली. ते वाचत गेले. शेवटी तिनं पावतीपुस्तक उघडलं.

“नाव काय लिहू?”

बाबांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग ते लांबलचक आडनाव, बासष्ट वर्षांनी, मध्ये जिभेला दोनदा ठेच लागूनही पूर्ण. म्हाताऱ्या माणसांना आपण किती मोठ्यानं बोलतोय ते कळत नाही. ते रस्त्यापर्यंत गेलं असणार.

म्हातारीचा हात पावतीवर थांबला. “तुमच्या थोरल्याचा आवाज असाच होता,” ती म्हणाली.

दार उघडं होतं. समोरच्या पानाफुलांच्या टपरीवर दोन माणसं उभी होती. त्यातल्या एकानं मान वळवून इकडे पाहिलं, की ताईंना नुसतंच तसं वाटलं? त्या उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या, बाहेरच्याला आतलं दिसू नये अशा. पाठीमागे म्हातारी ते आडनाव एकेक अक्षर विचारत सावकाश पावतीवर उतरवत होती, आणि बाबा सांगत होते. आवाज खाली आणा, बाबा, असं ताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही. रस्त्याकडे बघत त्या दार अडवून उभ्या राहिल्या.